पहिल्या फेरीचे पाहुणे

प्रिय ताई,

हे पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता तुझ्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवते आहे, आणि तेही रजिस्टरने. म्हणजे पोस्टमन ते तुझ्याच हातात देईल आणि सासूबाईंच्या चष्म्याखालून ते जाणार नाही. एवढं काय मोठं लागून गेलंय, असं म्हणत तू पाकीट फाडशील. फाड, पण वाच मात्र बायका घरी गेल्यावर, दार लोटून. परवा रविवारी फोनवर माझ्यावर जो राग धरलास, तो पत्र संपेपर्यंत जरा बाजूला ठेव. नंतर पुन्हा धरायचा तर खुशाल धर. तेव्हा तुझ्याकडे त्याचं आणखी चांगलं कारण असेल.

आधी सहलीचं बोलते, कारण ते सोपं आहे. येत्या रविवारी तुम्ही सहाजण येणार: तू, भावोजी, सासूबाई, छोटी आणि भावोजींचे काका-काकू. काका-काकू अकरा वर्षांनी आलेत, पुन्हा कधी येतील कोण जाणे. त्यांना एका दिवसात आणि बेताच्या खर्चात मोठं शहर दाखवायचं काम तू माझ्यावर टाकलंस. मी आधी पाठवलेला बेत फाडून टाक. नवा असा आहे. सव्वापाचची पहिली गाडी पकडा, म्हणजे नऊच्या आत इथे पोचाल. स्थानकातल्या उपाहारगृहात बसू नका, तिथे नुसत्या चहाला लुटतात. बाहेर पडून उजवीकडे गेलं की ड्रायव्हर लोकांची टपरी आहे, तिथे प्या. दिवसभराचा बसपास दोन नंबरच्या खिडकीवर घ्या, एक नंबरवरचा माणूस आठवड्याचा पास गळ्यात मारतो. संग्रहालय रविवारी अकरापर्यंत फुकट असतं. तिथे खालच्या मजल्यावर देवमाशाचा सांगाडा आहे. छोटी त्याच्या फासळ्या मोजत बसेल आणि काकूंना शेजारच्या बाकावर पाय पसरता येतील. तिथून सात नंबरच्या बसने बागेचं मागचं फाटक. पुढच्या फाटकाला एकोणीस पायऱ्या आहेत, मागे नुसता उतार. स्वच्छतागृहही मागेच आहे आणि ते खरंच स्वच्छ आहे, मी आत जाऊन पाहिलं. डबे तिथे खा. दुपारी नदीकाठचा रस्ता, मग बटणांची गल्ली, जी तुला कधीची पाहायची आहे, आणि पाच चाळीसच्या गाडीने परत. गेल्या शनिवारी मी हा सगळा रस्ता काकूंच्या गुडघ्यांच्या चालीने चालून पाहिला. दर पन्नास पावलांवर थांबत होते, तेव्हा एका फळवाल्याने विचारलं, "बाई, काही पडलंय का?" मी म्हटलं, "नाही, पाहुणे यायचेत." 

या बेतात मनोरा नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. परवा फोनवर मी तेच गळी उतरवायचा प्रयत्न करत होते आणि एकामागून एक फालतू कारणं देत होते. रांग फार असेल, वर वारा असतो, काकूंना चक्कर येईल. तुझा फोन स्वयंपाकघरात कायम स्पीकरवर असतो हे मला माहीत असायला हवं होतं. सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, तिला चक्कर काय, ओट्याशी उभी राहिली तरी येते! छापील आमंत्रण आलंय आम्हाला, पहिल्या फेरीचं, आणि तू आम्हाला बागेत बसवतेस होय?" काका त्यावर हसत हसत म्हणाले, "साहेबलोकांत आमची लाज वाटत असेल हो पोरीला." आणि छोटी ओरडली, "मावशी, माझ्या टोपीवर मनोरा आहे! मी झोपतानासुद्धा काढत नाही!" मग तू स्पीकर बंद केलास आणि एवढंच म्हणालीस, "शिकलीस ते बरं झालं, पण आमची मापं काढू नकोस." फोन ठेवल्यावर घरमालकीणबाईंनी हाक मारली तेव्हा कळलं की माझा चहा उतू जाऊन गॅस विझला आहे.

ताई, लाज मला वाटते आहे, पण तुमची नाही.

मनोऱ्याची कल्पना माझीच होती. तीन आठवड्यांपूर्वी तुला बेत लिहून पाठवला तेव्हा मी अगदी फुलले होते. मनोरा दोन वर्षं बंद होता. वरच्या यंत्रखोलीत पाणी गळत होतं, म्हणून. आता छप्पर झालं, रंग झाला, आणि येत्या रविवारी तो लोकांसाठी उघडायचा, पहिला दिवस सगळ्यांना मोफत, असं मनोरा चालवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं होतं. मला वाटलं, एका दिवसात शहर दाखवायचं तर याहून स्वस्त आणि याहून मोठं काय असणार? पन्नास सेकंदांत लिफ्ट वर जाते आणि सगळं शहर पायाखाली. शिवाय त्या लिफ्टची तपासणी आमच्याच कार्यालयाकडे होती. म्हणून मी रुबाबात आमच्या कारकुनाकडे सहा पासांसाठी नावं दिली. नाव, नातं, वय. छोटीचं वय लिहिताना "सहा पूर्ण" असं लिहिलं, तुला आवडलं असतं. बाबांना फोन केला तर ते कुणाच्या तरी घरी शिडीवर चढून छताला रंग देत होते. शिडीवरूनच घरमालकाला सांगायला लागले, "माझी धाकटी लिफ्ट पास करते. तिने सही केल्याशिवाय या शहरात कुणी वर जाऊ शकत नाही!" मी म्हटलं, "बाबा, आधी खाली उतरा, मग बोला." ते म्हणाले, "आता कशाला उतरू? आता तर चढायचे दिवस आलेत." तुला आठवतं ना, माझा निकाल लागला तेव्हा त्यांनी रंगाच्या डब्यावर माझं नाव लिहून ठेवलं होतं, पदवीसकट. तो डबा अजून फिरतोय त्यांच्याबरोबर. आणि तू दहावीनंतर शाळा सोडून मशीनवर बसलीस, तेव्हा कुणी डब्यावर काही लिहिलं नाही. हे मी कधी बोलले नाही. आज बोलून टाकते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की सगळं फुकट गेलं.

तपासणी झाली गेल्याच्या गेल्या गुरुवारी. आमचे मोठे साहेब, मी आणि मनोऱ्यावर चौतीस वर्षं लिफ्ट सांभाळणारे एक म्हातारे मिस्त्री. त्यांचे हात कायम ग्रीसने काळे असतात, म्हणून सगळे त्यांना ग्रीसकाका म्हणतात. साहेब खाली कंपनीच्या लोकांबरोबर बसले आणि मला वर पाठवलं. यंत्रखोली म्हणजे आपल्या जुन्या घराच्या माळ्याएवढीच जागा, पण मध्ये माणसाएवढं उंच चाक आणि त्यावरून गेलेले सहा पोलादी दोर. दोर कसा तपासतात सांगू? साधी सुती चिंधी घ्यायची, दोराभोवती मुठीत धरायची आणि दुसऱ्याने लिफ्ट अगदी हळू चालवायची. दोरातली बारीक तार तुटलेली असेल तर चिंधी अडकते, धागा निघतो. जिथे अडकेल तिथे थांबून मोजायचं. तू जरीच्या कापडावर हात फिरवून खडबड ओळखतेस ना, तसंच. पहिल्या दोरावर चिंधी दोनदा अडकली. दुसऱ्यावर माझ्या हातातून ओढलीच गेली. ग्रीसकाका म्हणाले, "बाई, चिंधी बदला आणि पुन्हा फिरवा." मी पुन्हा फिरवली. दुसऱ्या आणि पाचव्या दोरात तारांच्या पिळाच्या एका वेढ्याच्या लांबीत एकवीस आणि सव्वीस तारा तुटलेल्या होत्या. आमच्या खात्याच्या पुस्तकात बारा झाल्या की दोर उतरवायचा असतो.

तू म्हणशील, सहांतले चार तर चांगले आहेत. मीही तेच म्हटलं. शिवाय दोर तुटलाच तर लिफ्टच्या खाली पोलादी जबडे असतात, वेग वाढला की ते दोन्ही बाजूंचे रूळ पकडतात आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. लिफ्ट कोसळत नाही ती यामुळेच. म्हणून आम्ही जबड्यांची चाचणी घेतली, रिकामी लिफ्ट वेगाने खाली सोडून. डावीकडचे जबडे लागले. उजवीकडचे लागले नाहीत. लिफ्ट वाकडी होऊन किंचाळत खाली घसरत गेली आणि अडीच मजल्यांनंतर अडकली. रिकामी होती, ताई. आत कुणी नव्हतं. तो आवाज मी अजून कानांतून काढू शकलेले नाही. परवा तुझ्या घरच्या कुकरची शिट्टी फोनवर ऐकू आली तेव्हा मी फोन कानापासून लांब धरला.

आता आमच्या कार्यालयाची एक रीत सांगते, कारण सगळं तिथे अडलं आहे. तपासणीच्या वहीत आम्ही नवे लोक आधी पेन्सिलीने आकडे लिहितो. साहेब ते पाहतात, त्यांच्या भाषेत "नीट करतात", आणि मग आम्ही आमच्याच अक्षरात त्यावर पेनने लिहून सही करतो, आणि त्यावरून आमच्याच सहीने दाखला निघतो. ही रीत मला पहिल्या दिवशी फार आवडली होती. वाटलं, किती प्रेमाने शिकवतात, चूक पक्की होऊ देत नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही समोर घेतली, खोडरबर उचललं आणि एकवीसचे चार केले, सव्वीसचे पाच. जबड्यांपुढे लिहिलं, "समाधानकारक". मी उभीच होते. म्हणाले, "बसा. नव्या डोळ्यांना गंजाचा कणसुद्धा तुटलेली तार वाटतो. माझंही तसंच व्हायचं. आणि जबडे दोन वर्षं बंद होते, चार दिवस लिफ्ट चालली की मोकळे होतील. नवे दोर मागवलेत, महिन्याभरात बदलणारच आहेत. उगाच सगळ्यांचा दिवस कशाला नासवायचा?" आवाज इतका मऊ होता, ताई. बाबा बोलतात तसा. मला वाटलं, पंचवीस वर्षं काम केलेला माणूस सांगतोय, माझी नोकरी सात महिन्यांची. मी पेन उचललं. चार. पाच. समाधानकारक. आणि खाली माझी सही, तीच, जी तू मला वहीच्या मागच्या पानावर शंभरदा गिरवायला लावली होतीस.

हे मी तुला का सांगितलं नाही असं विचारू नकोस. मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पाच दिवस मी नीट जेवले, नीट झोपले. मग गेल्या बुधवारी ग्रीसकाका आमच्या कार्यालयाच्या फाटकाशी उभे दिसले. आत आले नाहीत. म्हणाले, "बाई, दाखला पाहिला मी. खाली तुमची सही आहे." मी म्हटलं, साहेबांनी नीट पाहूनच दिला आहे. त्यांनी खिशातून त्या दिवशीची चिंधी काढली आणि माझ्या हातात दिली. "साहेबांनी काय पाहिलं ते साहेबांना विचारा. तुम्ही काय पाहिलं ते ही सांगेल." एवढंच बोलून गेले. आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शुक्रवारी मी मनोऱ्यावर फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "ग्रीसकाका? ते सुट्टीवर आहेत." किती दिवस? "ते काही सांगितलं नाही बुवा. सामान घेऊन गेलेत." चौतीस वर्षं त्यांनी त्या खोलीत आपला एक पेला ठेवला होता, तोही नेला म्हणे.

मधल्या गुरुवारी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर कारकुनाकडची यादी होती, माझीच, सहा नावांची. ते हसून म्हणाले, "आम्हाला सांगायचं नाही होय? घरचे येतायत आणि तुम्ही त्यांना रांगेत उभं करणार? छे छे. मी कंपनीशी बोललोय. पहिली फेरी तुमच्या घरच्यांची." मी म्हटलं, नको साहेब, त्यांना सवय नाही. ते म्हणाले, "उलट त्यामुळेच. तपासणी करणाऱ्या बाईंची स्वतःची बहीण, भाची आधी वर गेली, की लोकांना किती विश्वास वाटेल बघा. फोटोग्राफर असणार आहे." मग यादीवर बोट ठेवून म्हणाले, "सहा पूर्ण. गोड आहे हो." आणि कागद नीट लावत, "तुमचा कायम व्हायचा कागद माझ्याकडेच आला आहे. पुढच्या महिन्यात पाहू." या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं मी बाहेर येऊन किती वेळा मनाशी म्हटलं असेल. शनिवारी तुमच्या घरी आमंत्रण पोचलं आणि त्याबरोबर सहा टोप्या. पाच मोठ्या, एक लहान. छोटीच्या डोक्याचं माप त्यांना कुठून मिळालं, असं तू परवा कौतुकाने विचारलंस. माझ्याकडून मिळालं, ताई. वय मीच लिहून दिलं होतं.

काल सोमवारी मी धीर करून अर्ज लिहिला: पुन्हा तपासणी करावी, माझ्या नोंदीत चूक झाली आहे. आवक विभागातल्या बाईंनी शिक्का मारायला हात उचलला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि शिक्का खाली ठेवला. म्हणाल्या, "हा साहेबांच्या हातूनच यायला हवा गं. माझी नोकरी घालवतेस का?" साहेबांनी तो वाचला, चार घड्या केल्या आणि माझ्या पर्समध्ये स्वतः ठेवला. "दमला आहात तुम्ही. रविवारनंतर चार दिवस घरी जाऊन या." आज सकाळी माझं टेबल खिडकीपासून हलवून साहेबांच्या दाराशेजारी आणलेलं होतं. आता माझा प्रत्येक फोन त्यांना ऐकू जातो. हे पत्र मी दुपारच्या सुट्टीत वाचनालयात बसून लिहिते आहे. समोर एक आजोबा वर्तमानपत्र वाचतायत आणि त्याच्या मागच्या पानावर मनोऱ्याची अर्धं पान जाहिरात आहे. खाली बारीक अक्षरात छापलंय, "तपासणी करून सुरक्षित घोषित".

आता तुला कळलं असेल की नव्या बेतात मनोरा का नाही. पण ताई, शनिवारी तो रस्ता चालत असताना, बागेच्या उतारावर उभी राहून मी घड्याळ पाहत होते आणि मनात म्हणत होते, अकरा वाजता, पहिल्या फेरीच्या वेळेला, ही माणसं इथे असतील, म्हणजे तिथे नसतील. मला इतकं हलकं वाटलं! आणि त्याच वेळी शेजारून एक कुटुंब गेलं. आजी, आई, दोन पोरं. आई पोरांना सांगत होती, पुढच्या रविवारी मनोऱ्यावर जायचं, फुकट आहे, लवकर उठलात तर. धाकटा विचारत होता, वरून आपलं घर दिसेल का?  तिला काही बोलले नाही. काय बोलणार होते? माझ्या घरचे येणार नाहीत, तुम्हीही येऊ नका? त्यांच्यासाठी कोण बागेचं मागचं फाटक शोधणार आहे? हजारो माणसं येतील त्या दिवशी. प्रत्येक फेरीला चोवीस, ठासून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तुम्ही सहाजण वाचलात की मी मोकळी, असा हिशोब मी तीन दिवस करत होते. कॉलेजात असताना आपल्या ओट्यावर बसून मी मोठमोठ्या गप्पा मारायचे, आपल्यासारख्यांच्या घरातून कुणी सहीच्या खुर्चीत बसलं की बघ कसं सगळं बदलतं. तू काजं करत ऐकायचीस आणि म्हणायचीस, "बस तर आधी." बसले, ताई. आणि बसून हे केलं.

म्हणून असं ठरवलं आहे. आमच्याकडे लिफ्ट बंद करायचं सील असतं, शिशाचं, खात्याच्या ठशाचं. ती पेटी एरवी साहेबांच्या कपाटात असते, पण शनिवारी अर्ध्या दिवसाच्या ड्युटीवर जो असेल त्याच्याकडे द्यावी लागते. या शनिवारी मी आहे. साहेब सकाळच्या गाडीने बाहेरगावी जाणार आहेत, रविवारी थेट समारंभालाच येतील. बारा वाजता कार्यालय बंद करून मी पेटी घेऊन मनोऱ्यावर जाईन आणि लिफ्टच्या दाराला सील लावीन. एकदा लागलेलं सील वरच्या कार्यालयाच्या लेखी हुकमाशिवाय काढता येत नाही, आणि ते कार्यालय सोमवारी सकाळी उघडतं. म्हणजे रविवार टळतो. पण सील लावताना कारण लिहावं लागतं, आणि कारण एकच आहे: आधीचा दाखला खोटा आहे आणि तो मी दिला आहे. नोकरी जाईल. बहुतेक खटलाही होईल, आणि साहेब म्हणतील, अक्षर बाईंचं आहे, मी विश्वासाने मान्य केलं. खरंच आहे, अक्षर माझंच आहे. बाबांना शिडीवर असताना कुणी सांगू नका. सासूबाईंना काय सांगायचं ते तू ठरव. तुला त्या घरात ऐकून घ्यावं लागेल, पुष्कळ दिवस, आणि ते माझ्यामुळे.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. तुम्हाला थांबवायला चार ओळी पुरल्या असत्या, सगळं इतकं उगाळून लिहायची गरज नव्हती. ताई, मला माझी भीती वाटते. आज मंगळवार आहे आणि मी धीट आहे. शनिवारपर्यंत मध्ये तीन दिवस आहेत. साहेब पुन्हा मऊ आवाजात बोलतील, बाबा फोन करून विचारतील की कायमचा कागद आला का, आणि मी पुन्हा स्वतःची समजूत घालीन. ते मला किती सहज जमतं ते मी एकदा पाहिलं आहे. म्हणून मी सगळं लिहून तुझ्या हातात देते आहे: दुसरा दोर एकवीस, पाचवा सव्वीस, उजवे जबडे लागले नाहीत, आणि हे मला दाखला देतानाच माहीत होतं. पाकिटावर आजच्या तारखेचा शिक्का असेल, त्यामुळे मला पुढे कधीच म्हणता येणार नाही की मला कळलं नव्हतं. शनिवारी दुपारी दोनपर्यंत मी शिवणवर्गात फोन करून "सील लागलं" एवढे दोन शब्द बोलले नाही, तर समज की मी माघार घेतली. मग माझ्या फोनची वाट पाहू नकोस, मी काही समजावायला लागले तर ऐकूही नकोस. छोटीला घरी ठेव, हे पत्र घे आणि मिळेल त्या गाडीने ये. आधी पोलीस चौकीत दे, वर्तमानपत्रवाल्यांना दे, आणि कुणीच घेतलं नाही तर रविवारी सकाळी मनोऱ्याच्या दाराशी उभी राहून रांगेतल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखव. माझं नाव गाळू नकोस. मला माहीत आहे, तू मला पाठीशी घालशील, जन्मभर तेच केलंस. या एका वेळी घालू नकोस. माझ्याविरुद्ध उभी राहू शकेल असं माणूस मला हवं होतं, आणि जगात ज्याच्यावर माझा तेवढा भरवसा आहे असं एकच आहे.

तुझीच,
धाकटी